गुरू सिंहेत जाऊन पुन्हा कर्केत का येतो?

विचारलेला प्रश्न असा: नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या येत्या सिंहस्थाचं, म्हणजे गुरू सिंह राशीत असतानाच्या कुंभमेळ्याचं, ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि समाप्ती थेट २४ जुलै २०२८ ला. मागचा सिंहस्थ १४ जुलै २०१५ ते ११ ऑगस्ट २०१६ असा तेरा महिन्यांत आटोपला होता. या वेळी गुरू सिंहेत जातो, परत कर्केत येतो, पुन्हा सिंहेत, मग कन्येत आणि तिथूनही एकदा मागे सिंहेत. मग 'वक्री' म्हणजे ग्रह खरोखर उलटा फिरतो का? आणि फिरत असेल तर गच्चीवरून ते दिसायला नको का?

गुरू क्षणभरही उलटा फिरत नाही. तरीही त्याचं मागे येणं दिसतं, आणि साध्या डोळ्यांनी दिसतं. ज्या हालचालीमुळे ते दिसतं ती हालचाल आपली आहे, पृथ्वीची.

आधी एक घोळ निस्तरू, कारण आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात तोच असतो. वक्री म्हटलं की गुरू पश्चिमेला उगवेल, निदान आकाशात उलट्या दिशेने चालताना दिसेल, अशी अपेक्षा असते. एका रात्रीत ग्रह पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळतो तो पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. त्यात तारे, चंद्र, ग्रह सगळेच सारखे सामील असतात. गुरू वक्री असला काय, मार्गी असला काय, त्यात काहीच फरक पडत नाही. वक्री-मार्गी ठरतं ते मागच्या ताऱ्यांच्या संदर्भात. आज रात्री गुरू मघा ताऱ्यापासून किती दूर होता आणि पुढच्या आठवड्यात किती दूर गेला, एवढंच बघायचं. एरवी तो ताऱ्यांमधून हळूहळू पूर्वेकडे सरकतो, मेषेकडून वृषभेकडे, कर्केकडून सिंहेकडे. वक्री काळात हेच सरकणं पश्चिमेकडे होतं.

आता आकडे घेऊ, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट नुसती ऐकीव राहते. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात. म्हणजे सूर्यावरून पाहिलं तर तो रोज सुमारे ५ कला पुढे जातो. एका अंशाच्या ६० कला, आणि पौर्णिमेच्या चंद्राचं बिंब साधारण ३० कलांचं, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं डोळ्यांसमोर येईल. सूर्यावर बसून पाहणाऱ्याला गुरू कधीच वक्री दिसणार नाही. ५ कलांच्या आसपास किंचित कमी-जास्त, पण कायम पुढे. आपण मात्र सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या पृथ्वीवरून बघतो, आणि गुरूचा वेग सेकंदाला १३ किलोमीटर आहे.

फेब्रुवारी २०२७ ची १० किंवा ११ तारखेची रात्र घ्या. त्या वेळी गुरू प्रतियुतीत असेल, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर. सूर्य मावळताना तो उगवेल आणि मध्यरात्री डोक्यावर येईल. सूर्य, पृथ्वी आणि गुरू जवळजवळ एका रेषेत, आणि पृथ्वी व गुरू दोघंही एकाच दिशेने चाललेले. आपण सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरनी जास्त वेगाने. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ही आघाडी साडेचौदा लाख किलोमीटरच्या वर जाते. गुरू त्या वेळी आपल्यापासून सुमारे ६५ कोटी किलोमीटरवर असेल. इतक्या लांबून साडेचौदा लाख किलोमीटर म्हणजे कोनात जेमतेम ८ कला. तेवढ्या ८ कला गुरू रोज ताऱ्यांमधून पश्चिमेकडे सरकलेला दिसेल. एका रात्रीत हे कळणार नाही. आठवड्यात मात्र ५६ कला होतात, म्हणजे जवळजवळ दोन चंद्रबिंबं. शेजारी खुणेचा तारा असेल तर एवढा फरक डोळ्यांतून सुटत नाही.

सहा-सात महिन्यांनी, ऑगस्ट २०२७ च्या अखेरीस, पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला असेल. तेव्हा पृथ्वी आणि गुरू यांच्या चालण्याच्या दिशा परस्परविरुद्ध असतील, वेगांची वजाबाकी न होता बेरीज होईल आणि अंतर सुमारे ९५ कोटी किलोमीटर असूनही गुरू रोज १३ कला पुढे धावेल. ही त्याची सर्वांत जास्त गती आपल्याला कधीही पाहता येत नाही, कारण तेव्हा तो सूर्याच्या तेजात बुडालेला असतो. पंचांगात याला गुरूचा अस्त म्हणतात. नाशिकची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, म्हणजे ज्या गुरूमुळे ती ठरली तो त्या दिवसांत बहुतेक दिसणार नाही.

उणे ८ आणि अधिक १३ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी शून्य यायलाच हवं. ते दोनदा येतं, आणि त्या दिवसांना ग्रह स्तंभी झाला असं म्हणतात. तेव्हा गुरू थांबलेला नसतो, पृथ्वीही थांबलेली नसते. पृथ्वी तिच्या वाटेवर तिरकी होऊन गुरूच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर जात असते आणि तिच्या वेगाचा फक्त आडवा हिस्सा कामाला येतो. तो आडवा हिस्सा गुरूच्या आडव्या वेगाइतका झाला की पृथ्वीवरून गुरूकडे जाणारी रेघ काही दिवस स्वतःशी समांतर राहते. मागचे तारे बदलत नाहीत. ग्रह जागच्या जागी उभा असल्यासारखा वाटतो.

हे सगळं दर १३ महिन्यांनी, नेमकं सांगायचं तर ३९९ दिवसांनी, पुन्हा घडतं. पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर गुरू आपल्या कक्षेचा बारावा हिस्सा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला आणखी महिनाभर लागतो. प्रत्येक वेळी गुरू सुमारे १२० दिवस वक्री असतो आणि तेवढ्यात १० अंश मागे येतो. हात ताठ करून मूठ धरली तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. एवढाच हा पल्ला.

आता सिंहस्थाकडे येऊ. सिंह राशीची सुरुवात ही आकाशात दिसणारी गोष्ट नाही. क्रांतिवृत्ताचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या सूर्याच्या वार्षिक वाटेचे, ३० अंशांचे बारा समान भाग पाडले, त्यातली ती एक रेघ आहे. राशींची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारा कोन म्हणजे अयनांश. चित्रा ताऱ्यावरून ठरवलेला चित्रापक्षीय अयनांश धरला तर ती रेघ मघा ताऱ्याच्या सुमारे ६ अंश पश्चिमेला पडते. दुसरा अयनांश धरणाऱ्या पंचांगात ती सरकते आणि तारखाही बदलतात. गुरूला या रेघेचं काहीच सोयरसुतक नाही. त्याचं १० अंशांचं मागे येणं कुठे पडतं, एवढाच प्रश्न असतो. ते एकाच राशीच्या पोटात पडलं तर राशी बदलत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रेघेवर पडलं की 'गुरू परत आला' अशी चर्चा सुरू होते.

डिसेंबर २०१४ मध्ये गुरू कर्केच्या २८ व्या अंशाच्या पुढे स्तंभी झाला आणि तिथून मागे वळला. ते सगळं वक्री होणं कर्केतच आटोपलं. पुढचं जानेवारी २०१६ मध्ये सिंहेच्या २९ व्या अंशावर सुरू झालं आणि मे महिन्यात १९ व्या अंशावर संपलं. कन्येची रेघ फक्त अंशभर दूर होती, पण गुरू तिच्या अलीकडून वळला. त्यामुळे २०१५-१६ चा सिंहस्थ सलग राहिला.

बारा वर्षांनी काय होतं ते बघा. गुरूची ३९९ दिवसांची अकरा चक्रं बारा वर्षं आणि चार-पाच दिवसांत पूर्ण होतात, पण गुरूची स्वतःची फेरी ११.८६ वर्षांची असल्यामुळे तो तोवर फेरी संपवून चार-पाच अंश पुढे गेलेला असतो. म्हणजे वक्री होण्याच्या तारखा चार-पाच दिवसांनी आणि जागा चार-पाच अंशांनी पुढे सरकतात. २०१४ मध्ये कर्केच्या शेवटाला असलेलं वळण डिसेंबर २०२६ मध्ये सिंहेच्या जवळपास ३ अंशांवर येतं. गुरू रेघ ओलांडून सिंहेत शिरतो, तीन अंश जातो आणि वळून कर्केच्या २३ व्या अंशापर्यंत मागे येतो. जानेवारी २०२७ च्या उत्तरार्धात तो पुन्हा कर्केत, जूनच्या अखेरीस परत सिंहेत. २०१६ मध्ये सिंहेच्या शेवटच्या अंशावर असलेलं वळणही तसंच पुढे सरकून जानेवारी २०२८ मध्ये कन्येच्या ४ अंशांच्या आसपास येतं. नोव्हेंबर २०२७ मध्ये कन्येत गेलेला गुरू फेब्रुवारी २०२८ अखेर सिंहेत परततो आणि जुलैमध्ये सिंह कायमची सोडतो. दोन्ही वळणं दोन सीमारेषांवर पडली, म्हणून तेरा महिन्यांचा कालावधी पावणेदोन वर्षांवर गेला. गुरूची चाल दोन्ही वेळा अगदी सारखीच आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. एखाद्या गोल मैदानाच्या कडेने चालत राहा आणि मैदानाबाहेर लांब असलेल्या एका झाडाकडे बघत राहा. झाड मागच्या डोंगररांगेवर कधी उजवीकडे, कधी डावीकडे सरकेल. ते किती सरकतं हे मैदान केवढं आहे आणि झाड किती दूर आहे यावर ठरतं. डोंगरावर उमटणारी ती येरझार म्हणजे तुमच्याच चालण्याचं चित्र असतं. ग्रहाचा वक्री फेरा हे पृथ्वीच्या कक्षेचं असंच चित्र आहे. ग्रह जितका लांब तितकं ते चित्र लहान. मंगळ १० ते २० अंश मागे येतो, गुरू १०, शनी सुमारे ७, युरेनस ४ आणि नेपच्यून ३ अंशांच्या आत. दिवस मात्र उलटे वाढत जातात: मंगळाचे सत्तरच्या आसपास, गुरूचे १२०, शनीचे जवळपास १४०, नेपच्यूनचे दीडशेच्या पुढे. लांबचा ग्रह स्वतः इतका सावकाश चालतो की त्याच्या जागेत जवळजवळ फक्त आपलीच ये-जा उरते, अर्धं वर्ष इकडे आणि अर्धं वर्ष तिकडे. आणखी लांब गेलं की तारे लागतात. त्यांनाही असं हलताना पाहण्यासाठी शतकानुशतके प्रयत्न झाले. १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं हे हलणं मोजलं, ते एका विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरलं. ताऱ्यांचं हे हलणं, म्हणजे पराशय, आणि पंचांगातला वक्री गुरू ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात हे मोजमाप फार पूर्वीपासून आहे. सूर्यसिद्धांतात ग्रहाची मध्यम जागा काढून तिला दोन संस्कार देतात, मंद आणि शीघ्र. वक्री होणं हे शीघ्र संस्कारातून येतं, आणि मंगळ, गुरू, शनी यांच्यासाठी त्या संस्काराची सूत्रं सूर्याच्या मध्यम गतीला बांधलेली आहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, पण ग्रहाच्या मागेपुढे होण्याचा ताल सूर्याच्या वर्षाशी जुळतो हे अचूक हेरलेलं आहे. शीघ्र संस्कारासाठी एक लहान वर्तुळ घेतात आणि त्याचा परीघ मोठ्या वर्तुळाच्या ३६० अंशांच्या मापात सांगतात. गुरूसाठी तो ७० अंश आहे. ३६० ला ७० ने भागा, ५.१४ येतात. पृथ्वी-सूर्य अंतराला एक मानलं तर गुरूचं सूर्यापासूनचं अंतर ५.२ आहे. मंगळाचा परीघ २३५ दिला आहे, भागाकार १.५३ येतो आणि खरं अंतर १.५२ आहे. शनीचा ३९, भागाकार ९.२, खरं अंतर ९.५. दुर्बीण नसताना केवळ वक्री फेऱ्यांच्या वेधांवरून बसवलेल्या या आकड्यांत सूर्यमालेची मापं आलेली आहेत. ते लहान वर्तुळ म्हणजे पृथ्वीची कक्षा. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला आणि त्यात ही सगळी लहान वर्तुळं एकच आहेत, ती आपलीच वाट आहे, असा अर्थ लागला. त्याच्या वीस-एक वर्षं आधी, १५२० च्या सुमारास, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव रचला. महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी पुढे कित्येक पिढ्या त्यावरूनच ग्रह मांडले. ज्यांनी ते मांडले त्यांनी पृथ्वीच्या वार्षिक गतीचाच हिशेब केला, नाव वेगळं होतं इतकंच.

सूर्यसिद्धांतात वक्री होण्याच्या वेळेचेही अंश दिलेले आहेत. गुरूचं शीघ्रकेंद्र, म्हणजे सूर्याची मध्यम जागा आणि ग्रहाची जागा यांतला कोन, १३० अंशांवर आलं की तो वक्री, आणि ३६० मधून तेच वजा करून आलेल्या २३० वर मार्गी. मधल्या १०० अंशांना रोजच्या ०.९ अंशाने भागलं की १११ दिवस येतात. प्रत्यक्षात १२० च्या आसपास लागतात. शनीच्या ११५ वरून १३६-१३७ दिवस येतात, ते मात्र प्रत्यक्षाशी जवळजवळ जुळतात.

बुध-शुक्रांचं थोडक्यात सांगतो. ते सूर्याच्या आपल्यापेक्षा जवळ आणि वेगाने जास्त, त्यामुळे तिथे ते आपल्याला ओलांडतात, आपण मागे पडतो. परिणाम तोच. बुध तीन-एक आठवडे आणि शुक्र सुमारे सहा आठवडे वक्री राहतो, पण यातला बराच भाग सूर्याजवळ घडत असल्याने पाहायला मिळत नाही. चंद्र आपल्याभोवतीच फिरतो म्हणून तो कधी वक्री होत नाही. सूर्याची तर सगळी वार्षिक चाल ही पृथ्वीचीच चाल, तिथे मागे येण्याचा प्रश्नच नाही. राहू-केतू कायम वक्री लिहिलेले असतात, ते निराळं प्रकरण आहे. चंद्राच्या कक्षेचे ते छेदनबिंदू आहेत आणि ते १८.६ वर्षांत खरोखरच उलट दिशेने एक फेरी करतात. त्यांच्या त्या उलट फेरीचा पृथ्वीने कोणाला ओलांडण्याशी संबंध नाही.

आता स्वतः बघायचं असेल तर २०२६-२७ चा हिवाळा सोडू नका. डिसेंबरच्या मध्याला रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास गुरू पूर्वेला उगवेल आणि मघेच्या सुमारे ३ अंश पश्चिमेला स्तंभी असेल. ७ किंवा १० पटीच्या साध्या द्विनेत्रीत दोघं एकदम मावतात. मघा आणि सिंहेचा उलट्या प्रश्नचिन्हासारखा आकार एका कागदावर काढा, शेजारी कर्केतला पुष्याचा अंधुक पुंजका दाखवा, आणि चार-पाच रात्रींनी एकदा गुरूची जागा खूण करून तारीख लिहा. मोबाइलने ट्रायपॉडवरून फोटो काढले तरी चालेल, फक्त प्रत्येक फोटोत मघा यायला हवी. डिसेंबरच्या खुणा एकमेकांवर बसतील, जानेवारीत त्या सुट्या होतील, फेब्रुवारीत सर्वांत लांब पडतील. एप्रिलच्या मध्याला गुरू पुन्हा स्तंभी होईल तेव्हा तो मघेपासून १३ अंश दूर गेलेला असेल. जुलैअखेर तो परत मघेपाशी येईल, पण तेव्हा संधिप्रकाश आणि आपल्याकडचा पाऊस दोन्ही आडवे येतील.

याच कागदावर मंगळही मांडा, कारण तोही याच भागात वक्री असेल, १० जानेवारीच्या सुमारास सुरू होऊन १ एप्रिलच्या सुमारास संपेल. १९-२० फेब्रुवारीला मंगळ प्रतियुतीत येईल तेव्हा तो मघेच्या उत्तरेला सुमारे ४ अंशांवर लालसर चमकत असेल. त्या दिवसांत तो रोज २३-२४ कला मागे सरकेल, गुरूच्या तिप्पट. खरं तर मंगळ आपल्याहून सेकंदाला फक्त ८ किलोमीटरनी मागे पडत असतो, गुरूच्या निम्म्यानेही नाही. पण तो असतो फक्त १० कोटी किलोमीटरवर आणि गुरू ६५ कोटींवर, त्यामुळे कमी पिछाडीसुद्धा कोनात मोठी दिसते. मंगळाच्या खुणा सरळ रेघेत पडणार नाहीत. त्याची कक्षा आपल्या कक्षेशी १.८५ अंशांनी कललेली आहे, आणि जवळ असताना तो कल वाढून दिसतो, म्हणून जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी पडून मध्ये मोकळी जागा राहते. गुरूच्या दोन वाटा जवळजवळ एकमेकींना चिकटून जातील. खुणा तारखेसकट नीट ठेवल्या असतील तर प्रतियुतीच्या आठवड्यातलं रोजचं सरकणं पट्टीने मोजा. वर गुरूसाठी केलेला हिशेब उलट फिरवला की दोन्ही ग्रहांची अंतरं तुमच्याच कागदावरून निघतील.